शास्त्रज्ञानं काढलेला चित्रकार आणि बेळगावच्या कोऱ्या भिंती

होमी भाभांनी एम. एफ. हुसेन यांचं एक रेखाचित्र काढलंय. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेले ते हुसेन, आणि काढणारे भाभा, टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर उभी करणारे, अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष. मी डिप्लोमाच्या पोरांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो, वर्गात हे सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणतं, सर उलटं असेल की, हुसेननी भाभांचं काढलं असेल. पोरांची काही चूक नाही त्यात. आपल्याकडं ठरून गेलंय की मोठा माणूस खुर्चीत बसतो आणि चित्रकार त्याचं चित्र काढतो, मग ते सोनेरी फ्रेममध्ये संस्थेच्या हॉलमध्ये लागतं, वर चंदनाचा हार. इथं मोठा माणूस पेन्सिल घेऊन बसलाय आणि चित्रकाराकडं बघतोय.

मला ही गोष्ट फार मोठी वाटते आणि ती बेळगावात बसून सांगाविशी वाटते त्याला कारण आहे. आपल्या जिल्ह्यात गेल्या पंचवीस वर्षांत सरकारी पैशातनं, संस्थांच्या पैशातनं केवढ्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीच्याही बजेटमध्ये जिवंत चित्रकारासाठी ठरवून पैसा ठेवल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक पैशातनं जी इमारत होईल, कॉलेज असो, हॉस्पिटल असो, बसस्टँड असो, तिच्या बांधकामातला एक टक्का चित्रासाठी, शिल्पासाठी बाजूला काढायला पाहिजे, आणि तो कसा खर्च करायचा हे ठरवताना टेबलावर अशी माणसं पाहिजेत ज्यांनी स्वतः कधीतरी हातात पेन्सिल धरून कुणाकडं तरी नीट बघितलंय. हा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

एक टक्का हा आकडा माझा नाही, भाभांचा आहे. टीआयएफआरची कुलाब्यातली इमारत बांधायची ठरली, १९५४ ला नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली, १९६२ ला इमारत सुरू झाली, आणि त्या काळात भाभांनी नेहरूंकडनं परवानगी घेतली की बजेटचा एक टक्का मी कलाकृती घ्यायला वापरणार. देश स्वतंत्र होऊन काही वर्षंच झालेली, परकीय चलनाची चणचण, धान्य बाहेरनं आणावं लागतंय, अशा वेळी अणुविज्ञानाची संस्था काढणारा माणूस पंतप्रधानांकडं जाऊन चित्रांसाठी पैसे मागतोय आणि पंतप्रधान हो म्हणतायत. त्या पैशातनं हुसेन, गायतोंडे, आरा, रझा, सूझा, हेब्बर यांची कामं संस्थेत आली. ही नावं आज लिलावात कोटीत जातात म्हणून आपल्याला ओळखीची, तेव्हा तसं नव्हतं. यातली बरीच मंडळी १९४७ साली जमलेल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपची किंवा त्याच्या आसपासची. आरा हे लोकांच्या घरी नोकर म्हणून राबलेले. त्याच ग्रुपमधले ह. अं. गाडे तर सायन्सचे पदवीधर, हे आपल्याकडं कुणाच्या लक्षात पण नसतं. यांची चित्रं घेणारी माणसं मुंबईत तेव्हा मोजकी होती आणि त्यात एक फिजिक्सवाला होता.

आणि घेणारा माणूस स्वतः काढणारा होता, सगळा फरक तिथंच पडतो.

भाभांना लहानपणापासनं चित्रकलेचं शिक्षण मिळालं, जहांगीर लालकाका त्यांना शिकवायचे. केंब्रिजला गेल्यावर मोझार्टच्या एका ऑपेराच्या विद्यार्थी प्रयोगासाठी त्यांनी नेपथ्य केलं. त्याच माणसानं १९३७ ला वॉल्टर हाइटलर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर कॉस्मिक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात त्या प्रक्रियेला जगभर भाभांचंच नाव आहे. तरुणपणी एका पत्रात त्यांनी लिहून ठेवलंय की आयुष्य किती लांब हे आपल्या हातात नाही, पण ते किती तीव्रतेनं जगायचं हे आहे, आणि कला संगीत कविता हे सगळं मी त्यासाठीच करतो. सी. व्ही. रामन यांनी १९४१ साली नागपूरच्या सभेत त्यांची ओळख करून देताना लिओनार्दो दा विंचीचं नाव घेतलं होतं. त्या रामनांचंही रेखाचित्र भाभांनी काढलंय, म्हणजे शास्त्रज्ञाला बघायची नजर आणि चित्रकाराला बघायची नजर त्यांच्याकडं वेगवेगळी नव्हती, तीच पेन्सिल, तेवढाच वेळ.

आता ज्यांनी कधी पोर्ट्रेट केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोर माणूस बसवून चेहरा काढायचा म्हणजे पहिला अर्धा तास तुम्ही चुकतच असता, कारण तुम्ही समोरचा चेहरा काढत नसता, डोक्यात असलेला चेहरा काढत असता. डोळा म्हटलं की बदामाचा आकार, नाक म्हटलं की दोन रेघा, हे हात आपोआप करत जातो. मग हळूहळू कळतं की याचा डावा डोळा उजव्यापेक्षा खाली आहे, ओठाखाली सावली आहे पण ती रेघ नाही, कान आपण समजत होतो त्यापेक्षा बराच मागं आहे. मनात पक्कं असलेलं पुसायला लागतं आणि जे आहे ते मान्य करायला लागतं. प्रयोगशाळेत रीडिंग घेताना दुसरं काय करतो माणूस? अपेक्षित आकडा डोक्यात असताना मीटरवरचा आकडा लिहायचा, हीच तर शिस्त आहे. स्पेनचा रामोन इ काहाल मायक्रोस्कोपखाली मेंदूच्या पेशी बघून हातानं चित्रं काढायचा, त्याला १९०६ साली नोबेल मिळालं, आणि त्याची ती चित्रं आजही मेंदूविज्ञान शिकवताना दाखवतात. त्याचं चित्र काढणं हेच त्याचं संशोधन होतं.

म्हणून भाभांनी हुसेनचं चित्र काढलं याला मी हौस म्हणत नाही. ज्या माणसाच्या सहीवर देशाचा अणुकार्यक्रम चालायचा तो माणूस एका चित्रकाराच्या चेहऱ्यापुढं तेवढा वेळ विद्यार्थी होऊन बसला. चेक देऊन पण आदर दाखवता येतो, पण तो लांबनं. चेहरा काढायचा तर जवळ बसावं लागतं, आणि एकदा जवळ बसून बघितलं की त्या माणसाचं काम स्वस्तात मागायची हिंमत होत नाही.

टीआयएफआरच्या भिंतीवरच्या म्युरलची गोष्ट याच्याशी जोडून बघा. आधी भाभांनी पिकासोकडनं म्युरल करून घेता येईल का म्हणून जे. डी. बर्नाल या शास्त्रज्ञ मित्रामार्फत प्रयत्न केला, कारण पिकासोनं बर्नालच्या लंडनच्या घराच्या भिंतीवर चित्र काढलेलं होतं. ते जमलं नाही. मग भारतातल्या चित्रकारांना बोलावलं, त्यांच्याकडनं आराखडे मागवले, आणि त्यातनं हुसेनचा निवडला. ‘भारत भाग्य विधाता’, पंचेचाळीस फूट लांब आणि नऊ फूट उंच. आज आपण म्हणू त्यात काय, हुसेनच निवडणार. पण त्या कागदावरच्या छोट्या आराखड्यात पंचेचाळीस फुटाची भिंत दिसायला बघणाऱ्याच्या डोळ्याला सवय लागते, आणि ती सवय फाइल वाचून येत नाही.

आता आपल्याकडं या.

बेळगाव हे टेक्निकल शिक्षणाचं गाव आहे हे आपण अभिमानानं सांगतो आणि ते खरंच आहे. अख्ख्या कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं विश्वेश्वरय्या विद्यापीठ १९९८ पासनं इथं मच्छ्याजवळ आहे. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात. सुवर्ण विधानसौध २०१२ ला उभा राहिला. जानेवारी २०१६ मध्ये देशातली पहिली वीस स्मार्ट सिटी जाहीर झाली त्यात आपलं नाव होतं, त्यानंतर रस्ते खोदले, परत केले, बसस्टॉप नवीन आले, चौक सुशोभित झाले. आणि या सगळ्यात आत जाऊन भिंतीकडं बघा. संस्थापकांचे फोटो, मान्यवरांसोबतचे फोटो, उद्घाटनाची ग्रॅनाइटची पाटी, कुठंतरी प्रिंट केलेला सूर्यास्त, आणि मोठ्या हॉलमध्ये फ्लेक्स. कंपाउंडच्या भिंतीवर काही ठिकाणी पेंटिंग दिसतात, पाणी वाचवा झाडे लावा, पोरांनी मन लावून केलेली असतात, पण त्या पोरांना काय मिळालं विचारलं तर सर्टिफिकेट आणि नाश्ता. रंगाचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

ही माती तर कोरी नाही हो. के. बी. कुलकर्णी सरांनी याच गावात राहून किती पोरांना शिकवलं, पोर्ट्रेट म्हणजे काय हे बेळगावला त्यांच्यामुळं कळलं. त्यांच्याकडं शिकलेले रवी परांजपे १९३५ चे, जन्म बेळगावचाच, आर्किटेक्टच्या न बांधलेल्या इमारती कागदावर अशा उभ्या करायचे की बघणाऱ्याला त्या इमारतीत शिरता येईल असं वाटायचं, म्हणजे इंजिनिअरिंगचं काटेकोर पर्स्पेक्टिव्ह आणि चित्रकाराचा उजेड दोन्ही एका हातात. मुंबईत आणि पुण्यात त्यांचं नाव झालं, २०२२ ला गेले. मला नेहमी वाटतं की ज्या गावानं असा माणूस घडवला त्या गावातल्या टेक्निकल कॉलेजमध्ये त्यांचं काम ओरिजिनल बघायला मिळालं असतं तर माझ्या वर्गातल्या पोरांना पर्स्पेक्टिव्ह शिकवायला मला निम्माही वेळ लागला नसता. तिकडं खानापुरात कुंभारकामाचं शिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे, ती माती, ती भट्टी, ते ग्लेझ हे सगळं शुद्ध रसायनशास्त्र आहे. गोकाकला लाकडी खेळणी आणि रंगवलेली फळं करणारे कारागीर आहेत. वडगाव शहापुरात मागावर बसणारी घरं अजून आहेत. एवढं सगळं पन्नास साठ किलोमीटरच्या आत, आणि इमारतीच्या लॉबीत ठेवायला आपण प्लास्टिकची फुलं विकत आणतो.

माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दल बोलायचं तर दुखणं शाळेपासनं सुरू होतं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, सायन्सच्या पेपरात आकृतीला मार्क असतात, म्हणून पोरं आकृती पाठ करतात. हृदय पाठ, डोळा पाठ, फुलाचा उभा छेद पाठ. जास्वंद दारात फुललेलं असतं, पण छेद गाइडमधला. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना नटबोल्ट हातात देऊन सांगतो, हा बघून फ्री हँड काढा, स्केल नको, मोबाइल नको. निम्मी पोरं बोल्टकडं बघतच नाहीत, षटकोन कसा काढायचा हे त्यांना पाठ असतं तो काढतात, आणि हातातल्या बोल्टची एक कड झिजलेली आहे ते कागदावर येत नाही. उद्या हीच पोरं फाउंड्रीत क्वालिटीला बसणार. उद्यमबागेतले जुने पॅटर्नमेकर बघा तुम्ही, शिक्षण चौथी सातवी असेल, ड्रॉइंगवरनं लाकडाचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना, घडवताना ते आधी हाताशी असलेला जुना पीस फिरवून फिरवून बघत राहतात, बोलत नाहीत, मग पटाशी उचलतात, आणि धातू गार झाल्यावर किती आकसेल तेवढं माप अंदाजानं नाही तर हिशेबानं वाढवून ठेवतात. ती नजर आमच्या सिलॅबसमध्ये नाही. आता तर बहुतेक सगळं कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगवर, गेलंय, कॅड पाहिजेच, पण कॅडमध्ये आधी बघून ठेवलेलंच काढता येतं.

पीयू सायन्सला, म्हणजे अकरावीला, ॲडमिशन घेतली की पोराच्या हातातला ब्रश पहिला काढून घेतला जातो, हे तर घराघरात. नीट आणि सीईटीच्या दोन वर्षांत ड्रॉइंग म्हणजे टाइमपास. आईवडिलांना दोष देऊन काय करू, त्यांनी असा एकही शास्त्रज्ञ बघितलेला नाही जो चित्र काढतो. म्हणून भाभांनी काढलेलं हुसेनचं ते रेखाचित्र मला शाळेच्या भिंतीवर पाहिजे, त्याखाली दोघांची नावं आणि कोण कोणाचं काढतंय ते स्पष्ट लिहिलेलं.

आता विरोधात लोक काय म्हणतात ते मला माहिती आहे, माझ्या जवळच्याच माणसांनी तोंडावर म्हटलंय.

पहिलं, २०१९ च्या पुरात चिकोडी, निपाणी, गोकाककडची घरं गेली, अजून रस्ते धड नाहीत, आणि हा माणूस चित्रं मागतोय. बरोबर आहे, पूरग्रस्ताच्या घराचा पैसा काढून चित्र घ्या असं मी म्हटलं तर मला मारा. पण एक टक्का हा त्या इमारतीच्या खर्चातला आहे जी आपण बांधणारच आहोत. समजा पन्नास कोटींची बिल्डिंग आहे तर पन्नास लाख. तेवढ्या रकमेची ग्रॅनाइट क्लॅडिंग, फॉल्स सीलिंग आणि काचेचा दर्शनी भाग आपण बिनबोभाट मंजूर करतो, तेव्हा पुराची आठवण कुणी काढत नाही. आमच्याकडच्या पावसात आणि उन्हात काचेची ती भिंत काही वर्षांत काळवंडते आणि वरून एसीचं बिल वाढवते, तो खर्च मात्र विकासात मोजला जातो.

यात एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९५४ साली हुसेननी खेड्यातल्या जगण्याचं एक जवळपास चौदा फूट लांब चित्र काढलं होतं. ते दिल्लीत आलेल्या लिओन व्होलोदार्स्की नावाच्या डॉक्टरनं घेतलं, छातीच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण सुरू करायला जागतिक आरोग्य संघटनेकडनं तो इथं आला होता. १९६४ ला ते त्यानं ओस्लोच्या विद्यापीठ हॉस्पिटलला देऊन टाकलं. ‘ग्रामयात्रा’ म्हणून ते ओळखलं जातं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ते सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं आणि तो पैसा डॉक्टरांच्या शिक्षणासाठी वापरायचं हॉस्पिटलनं ठरवलं. चित्र घ्या म्हणजे उद्या कोटी मिळतील, हे मला सांगायचं नाही, शंभरातली नव्वद चित्रं कधीच कोटीत जाणार नाहीत आणि जाऊ पण नयेत. मला दिसतं ते एवढंच की एक सर्जन आपल्या देशात आला, त्यानं जिवंत चित्रकाराचं काम विकत घेतलं आणि हॉस्पिटलमध्ये लावायला दिलं, आणि आमच्याकडच्या एकाही हॉस्पिटलला हे सुचलं नाही, तेव्हा तर ते आपल्याला काही हजारात परवडलं असतं.

दुसरं म्हणतात ते जरा खरं आहे. भाभा श्रीमंत पारशी घरातले, टाटांचे नातेवाईक, घरात ग्रंथ आणि रेकॉर्ड, त्यांना परवडतं. हो, परवडत होतं. पण परवडणारे तेव्हाही खूप होते आणि त्यांनी चित्रं घेतली ती आपल्या दिवाणखान्यात लावली. भाभांनी ती कॉरिडॉरमध्ये लावली जिथनं संशोधक, वर्कशॉपचे कामगार, ऑफिसातले क्लार्क रोज जातात. २४ जानेवारी १९६६ ला आल्प्समध्ये विमान कोसळून ते गेले, त्यानंतर संस्थेचे पुढचे संचालक एम. जी. के. मेनन यांनी खरेदी चालू ठेवली, म्हणजे एका माणसाची आवड संस्थेची सवय झाली होती. माझी तक्रार असलीच तर ती वेगळी आहे, ती चित्रं नेव्ही नगरच्या सिक्युरिटीच्या आत आहेत, पंढरपूरच्या हुसेनचं म्युरल पंढरपूरच्या वारकऱ्याला सहज बघता येत नाही. म्हणून बेळगावात करायचं तर मला ते आधी सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडवर, पाहिजे, सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत पाहिजे, जिथं खानापूरच्या जंगलातनं आलेली बाई नंबर लागेपर्यंत दोन तास बसलेली असते आणि तिच्यासमोर क्षयरोगाचं पोस्टर सोडून बघायला काही नसतं.

हुसेन म्हटलं की काही जण रागावतात, १९९६ नंतर जो वाद झाला, खटले झाले, शेवटी ते देश सोडून गेले, २०११ ला लंडनला वारले, हे सगळं माहिती असून मी लिहितोय. त्यांची काही चित्रं एखाद्याला आवडली नाहीत, दुखावला असेल, त्याचं दुखणं मी खोटं म्हणणार नाही. पण ‘भारत भाग्य विधाता’ अजून त्या संस्थेच्या भिंतीवर आहे आणि संस्थेनं ते उतरवलं नाही, यात मला त्या संस्थेची ताकद दिसते. गर्दीच्या रागावर चित्र चढवायचं आणि उतरवायचं असं एकदा सुरू झालं की मग काहीच लावता येत नाही.

आणि आपल्या गावात तर हा मुद्दा जास्तच नाजूक. सीमाभागात सार्वजनिक कला म्हणजे पुतळा, आणि पुतळा म्हणजे कुणाचा, कुठल्या चौकात, कुठल्या दिशेला तोंड करून. २०२० ला इथल्या पिरनवाडीत संगोळ्ळी रायण्णांच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या वीराच्या, पुतळ्यावरनं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. शिवरायांबद्दल आणि रायण्णांबद्दल सामान्य माणसाच्या मनात आदरच आहे, दोन्हीकडच्या, पण पुतळा आला की तो आदर बाजूला राहतो आणि हद्द आखली जाते. पाटीवर कुठली भाषा किती टक्के यावर आमची निम्मी शक्ती जाते आणि त्यातलं दुखणं खरं आहे, मराठी शाळेच्या दुखण्याबद्दल मी स्वतः बोलत आलोय आणि बोलत राहणार. पण इथल्या कुठल्याही ड्रॉइंग क्लासमध्ये जाऊन बसा, एकाच स्टिल लाइफच्या भोवती कन्नड घरचं पोर, मराठी घरचं, उर्दू बोलणारं, कोकणी बोलणारं, सगळी एकाच तांब्याकडं बघत बसलेली असतात आणि मास्तर चारही भाषेत ओरडत असतो. या गावात एकमेकांकडं बघायची जागाच कमी होत चाललीय. सीमाभागातल्या दहा चित्रकारांना सांगा की आपापल्या भाषेतल्या नाही, दुसऱ्या भाषेतल्या माणसाचं पोर्ट्रेट करा, विणकराचं करा, नर्सचं करा, भाजी विकणाऱ्या बाईचं करा, आणि ती दहा पोर्ट्रेट स्टेशनवर लावा. मला खात्री आहे लोक थांबून बघतील आणि हे आपल्या गल्लीतलं म्हणून नाव शोधतील.

शेवटी प्रश्न येतो तो व्यवहाराचा, आणि तिथंच बहुतेक चांगल्या गोष्टी मरतात. सरकारी खरेदीत सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम, हा नियम सिमेंटला ठीक, चित्राला लावला की फ्लेक्सवाला जिंकतो. कर्नाटकात १९९९ चा पारदर्शक खरेदीचा कायदा आहे, त्यात टेंडरमधनं सूट द्यायची तरतूदही आहे आणि ती सूट कशाकशाला वापरली जाते ते आपण पेपरात वाचतोच, मग कलेसाठी वापरायला कुणी अडवलंय. टीआयएफआरनं केलं तसं करावं, चार सहा चित्रकारांना बोलावून भिंत दाखवावी, आराखडे मागवावेत, आणि माझी भर एवढीच की ज्याचा निवडला नाही त्यालाही आराखड्याचे पैसे द्यावेत, कारण तो पण काम करून बसलाय. आलेले सगळे आराखडे पंधरा दिवस लोकांना बघायला लावावेत, त्यामुळं मेहुण्या पुतण्याला काम द्यायचं जरा अवघड होतं. निवडीवर एक शिक्षक, एक इंजिनिअर, त्या इमारतीत काम करणारा एक चतुर्थ श्रेणीचा माणूस आणि दोन चित्रकार असावेत. आणि समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाला, अधिकारी असला तरी, मी एक अट घालीन. निवडीच्या आधी एक सकाळ ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसायचं आणि समोरच्या माणसाचा चेहरा काढायचा. वाईट आला तरी चालेल, कुणी मार्क देणार नाही. दोन तासांनी त्या माणसाला चित्रकाराच्या बिलात काय काय मोजायचं असतं ते समजावून सांगावं लागणार नाही.

सुरुवात टेक्निकल कॉलेजांनी करावी असं मला वाटतं, कारण भाभांनी ती शास्त्रज्ञांच्या संस्थेत केली होती आणि बेळगावात इंजिनिअर कमी नाहीत. येत्या वर्षात जिथं जिथं नवीन ब्लॉक बांधायला घेतलाय तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी मॅनेजमेंटला पत्र लिहून एवढंच विचारावं की एस्टिमेटमध्ये कलेचा एक टक्का कुठल्या हेडखाली धरलाय. धरलेला नसेल तर काम प्लिंथवर, म्हणजे जोत्यावर, असतानाच विचारावं, फिनिशिंगला आल्यावर पैसे संपलेले असतात.